मुशीत जाता जाता राहिलेलं घड्याळ : जुनं सोन्याचं रिस्टवॉच घेण्याचा माझा अनुभव

जुनं सोन्याचं मनगटी घड्याळ घ्यायचं तर सुरुवात कुठून करायची, खरं-खोटं कसं ओळखायचं, कागद काय करायचे, दुरुस्ती कोण करतं, हे मला मराठीत सलग लिहिलेलं कुठेच सापडलं नव्हतं. इंग्रजीत भरपूर आहे पण ते सगळं मोठ्या लिलावांचं, त्यात आपला सराफ कट्टा नाही, आपला भाव नाही, आपला पूरही नाही. माझं पहिलं घड्याळ हातात येऊन, तपासून, दुरुस्त होऊन विम्याच्या कागदावर चढेपर्यंत जानेवारी २०२४ ते सप्टेंबर २०२५ एवढा काळ गेला. जसं झालं तसं क्रमाने लिहितेय.

मी मूळची विट्याची, आता सांगलीत एका सीएच्या ऑफिसात काम करते. आमच्या भागातल्यांना सांगायला नको पण बाहेरच्यांसाठी म्हणून सांगते, खानापूर-आटपाडी-तासगाव या पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत. दुष्काळी भाग, शेतीत भागत नव्हतं म्हणून लोक बाहेर पडले. गलाई म्हणजे जुने दागिने, मोडीत आलेलं सोनं, सराफाच्या दुकानातली झाडलोटसुद्धा मुशीत (वितळवायच्या भांड्यात) आटवून त्यातून चोख सोनं-चांदी वेगळी काढायची. माझे मामा कोइमतूरला याच धंद्यात आहेत, तिथे त्यांचं आयुष्य गेलं.

मला नाद लागला तो १९२० ते १९५० च्या मधल्या साध्या ड्रेस वॉचचा. पातळ केस (आतलं मशीन जिच्यात बसतं ती बाहेरची डबी), तारीख नाही, अंधारात चमकणारे आकडे नाहीत, तास-मिनिट आणि फार तर खाली सेकंदाचा छोटा गोल. पहिल्या महायुद्धाच्या आधी मनगटावरचं घड्याळ हा बहुतेक बायकांचा दागिना समजला जायचा, पुरुष खिशातलं वापरायचे, युद्धात खंदकात हात मोकळे पाहिजेत म्हणून सैनिकांच्या मनगटावर घड्याळं आली आणि मग मागे वळून कुणी बघितलं नाही. कार्तिएने सांतोस-द्युमाँ या वैमानिकासाठी १९०४ मध्ये केलेलं, मग १९१७ चं चौकोनी टँक, आणि १९३२ मध्ये पाटेक फिलिपचं गोल ९६ नंबरचं, आज आपण ज्याला ड्रेस वॉच म्हणतो त्याचा चेहरा साधारण या तीस वर्षांत ठरला असं माझं मत. ही नावं आपल्या आवाक्यातली नाहीत पण त्याच काळातली लाँजिन, ओमेगा किंवा अजिबात नाव नसलेल्या डायलची सोन्याची घड्याळं मिळू शकतात, आणि कारागिरीत ती कुठे कमी नाहीत. ३२-३३ मिलिमीटरची पुरुषांची म्हणून केलेली ही घड्याळं माझ्या मनगटावर अगदी बरोबर बसतात हेही एक आहेच.

जानेवारी २०२४ मध्ये संक्रांतीनंतर मामांचा फोन आला. "पोरी, एक घड्याळ आलंय बघ बांगड्या-चेनबरोबर आटवायला, सोन्याचं हाय, पाठीमागं नावबी हाय कायतरी. तुला पाहिजे असंल तर सांग, न्हायतर सांजच्याला मशीन काढून केस मुशीत जातीय." मी म्हणलं मामा थांबवा, काहीही करा पण थांबवा, आणि आधी फोटो पाठवा. फोटो धूसर होते पण डायलवर पंखवालं वाळूचं घड्याळ दिसत होतं, म्हणजे लाँजिन. हे चिन्ह त्यांनी १८८९ मध्ये नोंदवलेलं.

त्या फोनवर मामांनी सहज जे सांगितलं ते ऐकून मी रात्रभर जागी होते. ते म्हणाले अशी घड्याळं त्यांनी आयुष्यात किती आटवली त्याची गणती नाही, गिऱ्हाईक येतं, भाव विचारतं, मशीन बाहेर काढायचं आणि केस टाकायची. मशीनं टाकवत नाहीत म्हणून ती एका डब्यात साठवलीत. जगात सगळीकडे हेच झालंय, १९८० च्या जानेवारीत सोनं औंसाला ८५० डॉलरला पोचलं तेव्हा युरोप-अमेरिकेतही सोन्याच्या केसेस ढिगाने आटल्या आणि मशीनं नुसती उरली. भाव चढला की घड्याळं कमी होतात, आणि आता तर भाव कुठे गेलाय आपण बघतोय. मामांना मी दोष देत नाही, त्यांच्यासमोर येतं ते वजन आणि टंच (सोन्याची शुद्धता), गिऱ्हाइकाला पैसे त्याच दिवशी पाहिजे असतात. पण मला तेव्हा वाटलं की निदान हे एक तरी जाऊ द्यायचं नाही.

मालक तिथलंच एक कुटुंब होतं. आजोबा कापसाच्या व्यवहारासाठी मुंबईला जायचे, तिथून त्यांनी आणलेलं, एवढंच त्यांना माहीत. त्यांना घड्याळाचं काही नव्हतं, सोन्याचा भाव मिळाला की झालं. मामांच्या ओळखीच्या एका घड्याळवाल्याने मशीन बाहेर काढून दिलं आणि केस झाकणासकट वजन केली ती ९ ग्रॅम भरली. तेव्हा चोख सोन्याचा भाव ग्रॅमला सव्वासहा हजारांच्या आसपास, १८ कॅरेट धरलं तर शुद्ध सोनं पावणेसात ग्रॅम, म्हणजे धातूचेच साधारण ४२ हजार होतात. मी ५५ हजार देते म्हणाले. मामा म्हणाले कशाला जास्त देतीस, ते तर भावातच द्यायला तयार हायत. पण मला ते घड्याळ म्हणून घ्यायचं होतं, मोड म्हणून नाही, आणि त्या घरातल्या लोकांनाही कळायला पाहिजे होतं की ही वस्तू सोन्यापेक्षा जास्त आहे. पुढे कधी त्यांच्याकडे अजून काही निघालं तर ते आधी विचारतील.

कागदांचं इथेच सांगते कारण ऑफिसच्या सवयीने मी यात फार काटेकोर होते आणि त्याचा पुढे प्रत्येक टप्प्यावर उपयोग झाला. पैसे रोख दिले नाहीत, थेट मालकाच्या खात्यावर एनईएफटीने दिले. (२ लाख किंवा त्यावर रोख स्वीकारायला आयकर कायद्याने बंदीच आहे, पण रक्कम कमी असली तरी बँकेतूनच द्या, तोच तुमचा पुरावा.) मालकाच्या सहीची एका पानाची विक्रीची चिठ्ठी घेतली, त्यात घड्याळाचं वर्णन, मशीनवरचा सिरियल नंबर, केसच्या आतला नंबर, वजन, किंमत, तारीख, हे घड्याळ आमच्या घरातलं आहे आणि त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही असं एक वाक्य, आणि ओळखपत्राची प्रत. घरगुती विक्रीत बिल नसतं, ही चिठ्ठी हेच बिल. चोरीच्या मालाचा संशय कुणी घेतला तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी पाहिजे.

फेब्रुवारीत विट्याला घरचं लग्न होतं, मामा येताना घेऊन आले. रुमालात गुंडाळलेलं, पट्टा कुजलेला, काच पिवळी पडलेली, चावी फिरवली की दोन मिनिटं चालून बंद. पण डायल बघितला आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं. फिकट मलईसारखा रंग, कडेला थोडे डाग, उभट आकडे, आणि खाली सेकंदाचा गोल एवढा बारीक छापलेला की भिंगाशिवाय रेषा मोजता येईनात.

मार्चमध्ये तपासणी. सांगलीत सोनं तपासायला माणूस शोधावा लागत नाही, पु. ना. गाडगीळांची पेढी १८३२ मध्ये इथेच सुरू झाली असं हे गाव. पण घड्याळ तपासणं वेगळं हे मला पहिल्याच दुकानात कळलं, कारण त्यांनी घेतल्या घेतल्या कसोटी पुढे ओढली. जुन्या घड्याळाला कस लावू देऊ नका. दगडावर घासलं की कडेची रेघ कायमची गेली, आणि अ‍ॅसिडचा थेंब सांधीतून आत गेला तर डायल गेला. तिथून मी थेट हॉलमार्किंग सेंटरला गेले. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) मान्यता असलेल्या सेंटरमध्ये आपण साधे ग्राहकसुद्धा बिनहॉलमार्कचे दागिने तपासून घेऊ शकतो, चार नगांपर्यंत २०० रुपये फी असते. अडचण अशी झाली की काउंटरवरचा मुलगा म्हणाला घड्याळ घेत नाही आम्ही, हॉलमार्क पण मारता येणार नाही. हॉलमार्क मला नकोच होता. २०२१ मध्ये हॉलमार्क सक्तीचा झाला तेव्हा घड्याळं आणि फाउंटन पेन त्यातून वगळलेलीच होती, आणि नव्वदीच्या घरातल्या केसवर आजचा लेझर शिक्का कोण मारून घेईल. मला फक्त टंच हवा होता. शेवटी आतून मोठे साहेब आले, त्यांना मशीन काढलेली रिकामी केस दाखवली (मशीन डबीत घरी ठेवलं होतं), तेव्हा ते तयार झाले. तेव्हा तुम्हीही जाताना मशीन काढूनच न्या, नाहीतर परत पाठवतील.

आता महत्त्वाचं. तिथलं एक्सआरएफ मशीन (क्ष-किरणांनी धातू तपासणारं) सोन्याचा फक्त वरचा पातळ थर वाचतं, आत काय आहे ते त्याला कळत नाही. जाड सोन्याचा पत्रा चढवलेली केस बाहेरून छान टंच दाखवू शकते. म्हणून मी सांगून तीन ठिकाणी रीडिंग घेतलं, झाकणाच्या आतून, पट्ट्याच्या कानाच्या (केसचा जो भाग पट्टा धरतो त्याच्या) झिजलेल्या टोकावर, आणि केसच्या आतल्या कडेला जिथे वर्षानुवर्षं झाकण घासलंय तिथे. झिजलेल्या जागी आतला धातू उघडा पडतो, खोटं असेल तर तिथे कळतं. माझं सगळीकडे ७५ टक्क्यांच्या आसपास आलं, कानाच्या झाळीजवळ (जोडाजवळ) थोडं कमी आलं, तेव्हा मी घाबरले पण साहेब म्हणाले झाळ कमी कॅरेटचीच असते, ते बरोबर आहे.

खरं तर उत्तर झाकणाच्या आत आधीच लिहिलेलं असतं, ते वाचता आलं पाहिजे. स्वित्झर्लंडमध्ये १८८० च्या कायद्यापासून सोन्याच्या केसवर सरकारी ठसे आहेत, १९९५ पर्यंत १८ कॅरेटला बाईचं डोकं (तिला हेल्वेशिया म्हणतात) आणि १४ कॅरेटला खार असायची. सोबत ०.७५० किंवा ०.५८५ असा आकडा. माझ्यात हेल्वेशिया आहे, भिंगातून बघितलं तर तिच्या डोक्यावरच्या केसांच्या रेषा अजून दिसतात, आणि शेजारी केस बनवणाऱ्याची हातोडीच्या आकारातली खूण आहे आणि त्यात नंबर. इंग्लंडमार्गे आलेलं असेल तर वेगळं, १ जून १९०७ पासून बाहेरून आलेल्या सोन्या-चांदीच्या घड्याळाच्या केसवर तिथल्याच अ‍ॅसे ऑफिसचा (शुद्धता तपासणाऱ्या कार्यालयाचा) ठसा लागायचा, त्यात वर्षाचं अक्षर असतं त्यामुळे साल नेमकं काढता येतं, आणि बरीचशी ९ कॅरेटची म्हणजे .३७५ असतात. आपल्याकडे ९ कॅरेट म्हटलं की सराफ नाक मुरडतो पण घड्याळाच्या केसला ते कडक आणि टिकाऊ, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. आणि आत 'गॅरंटीड २० इयर्स', 'रोल्ड गोल्ड', 'गोल्ड फिल्ड' किंवा 'प्लाके' आणि पुढे मायक्रॉन असं काही असेल तर ते भरीव सोनं नाही, वर्षं लिहिलीत ती सोन्याचा थर किती टिकेल याची हमी. तीही घड्याळं सुंदर असतात, पण सोन्याच्या भावात घ्यायची नाहीत.

डायलचं स्वतंत्र सांगायला पाहिजे. आपल्याकडे डायल नवा रंगवून घ्यायची पद्धत फार जुनी आहे, उष्ण दमट हवेत डायल खराब व्हायचे आणि लोकांना घड्याळ नवं दिसायला पाहिजे असायचं, मुंबईत ही कामं इतकी झाली की बाहेरचे संग्राहक भारतातलं घड्याळ म्हटलं की आधी डायलवर संशय घेतात. ओळखायचं कसं, तर अक्षरांच्या कडा भिंगाखाली फाटक्या दिसतात, मिनिटांच्या रेषा आकड्यांच्या बरोबर मधोमध येत नाहीत, सेकंदाचा गोल किंचित कलतो, नावाचं अक्षर त्या काळच्या वळणाचं नसतं, आणि केस झिजलेली पण डायल मात्र चकचकीत. डाग असलेला मूळ डायल नव्या रंगवलेल्या डायलपेक्षा शंभर पटीने चांगला, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

एप्रिलमध्ये मी लाँजिनला ईमेल केला. त्यांच्याकडे स्वित्झर्लंडमध्ये सेंट-इमियेला १९ व्या शतकापासूनच्या हाताने लिहिलेल्या नोंदवह्या आहेत आणि सिरियल नंबरवरून ते घड्याळ कधी, कुणाला विकलं ते बघून सांगतात. मशीनचा सिरियल नंबर, बॅलन्सच्या (ठोके देत हलणाऱ्या चाकाच्या) खाली कोरलेला कॅलिबर नंबर (मशीनच्या बनावटीचा नंबर), झाकणाच्या आतले ठसे, डायल, सगळ्याचे स्वच्छ फोटो पाठवले. (फोटो खिडकीजवळ सकाळच्या उजेडात काढा, फ्लॅश टाळा, ठसे तिरप्या उजेडात उठून दिसतात.) मग नुसती वाट बघणं. मे गेला, मला वाटलं विसरले. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर उत्तर आलं, १८ कॅरेट सोन्याचं मनगटी घड्याळ, कॅलिबर जुळतोय, १९३८ मध्ये मुंबईच्या एजंटला बिल केलेलं. दोन ओळी होत्या पण मी त्या ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवल्या. त्या आजोबांची मुंबईची गोष्ट खरी निघाली होती, ती मी त्या कुटुंबालाही कळवली, त्यांच्या मुलीने उलट फोन करून आजोबांचं नाव आणि फोटो पाठवला. तो फोटो आता घड्याळाच्या फाइलमध्ये आहे.

दुरुस्तीसाठी मी आधी सांगलीतल्याच एका वयस्कर घड्याळजींकडे गेले. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, "ताई, साफ करून तेल घालून देतो, चालेल वर्षभर, पण बॅलन्सच्या स्टाफची टोकं झिजल्यात, ते काम माझ्या डोळ्याला आता झेपायचं नाही. पुण्याला द्या." असा सरळ सांगणारा माणूस भेटणं हे नशीब, आणि पुण्याचा पत्ताही त्यांनीच दिला. स्टाफ म्हणजे बॅलन्सचा कणा, त्याची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी बारीक असतात, आणि या काळातल्या बहुतेक घड्याळांना धक्क्यापासून संरक्षण नसतं, ही टोकं ज्यात फिरतात ती रत्नं स्प्रिंगवर बसवायची इन्काब्लॉकसारखी सोय १९३० च्या दशकात नुकती येत होती. म्हणून जुनं ड्रेस वॉच हातात घालून मोटारसायकल चालवायची नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, पडलं तर संपलं.

एका मित्राने सुचवलेलं की सरळ स्वित्झर्लंडला पाठव. मी चौकशी केली आणि विचार सोडला, पाठवताना आणि परत येताना कस्टमचे कागद, वर खर्च घड्याळाच्या किमतीपेक्षा जास्त. आणि कुणाकडे शंभर वर्षांपेक्षा जुनं घड्याळ असेल तर त्यांनी अजून सावध राहायचं, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे आणि अशी वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी येते, आपली वस्तू पुरावस्तू ठरते का हे आधी पुरातत्त्व खात्याकडून लिहून घ्या.

जूनच्या शेवटी पुण्यात घड्याळ दिलं. देताना जॉब कार्डवर मी स्वतःच्या हाताने लिहिलं, केसला पॉलिश नको, डायलला हात लावायचा नाही, काढलेले जुने पार्ट परत पाहिजेत. पॉलिशचं एवढं का, तर इथे प्रत्येक माणूस प्रेमाने म्हणतो "जरा पॉलिश मारून देतो की, नवं दिसेल". १८ कॅरेट सोनं मऊ असतं, प्रत्येक पॉलिशला थोडं सोनं जातं, कानांच्या धारा गोल होतात, ठसे पुसट होतात, आणि ते परत येत नाही. माझ्या केसवर ओरखडे आहेत, ते त्या आजोबांचे आहेत, राहू देत.

ऑगस्टमध्ये पुण्याहून फोन, स्टाफ बदलावाच लागेल, नवा लेथवर करून घ्यायचा तर खर्च आणि वेळ दोन्ही वाढेल, त्याच कॅलिबरचं दुसरं मशीन कुठे मिळतंय का बघा. मला मामांचा डबा आठवला. गणपतीला मामेभाऊ विट्याला आला तेव्हा तो डबा त्याच्याबरोबर मागवला. घरात सगळे आरतीच्या तयारीत आणि मी वरच्या खोलीत वर्तमानपत्रावर ती मशीनं मांडून बसले होते. काही गंजलेली, काही अजून चमकणारी, एकेकावर नाव, नंबर, आणि प्रत्येकाची केस गेलेली. त्यात लाँजिनची काही निघाली आणि एक नेमकं माझ्या कॅलिबरचं, बॅलन्स अजून हलत होता. आनंद झाला पण त्याचबरोबर फार वाईटही वाटलं, कारण तेही असंच एक पूर्ण घड्याळ होतं, कुणाच्या तरी लग्नातलं किंवा रिटायरमेंटचं असेल, आणि त्याची केस वितळून आज कुणाच्या तरी बांगडीत असेल. मामांना फोन करून सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आता आलं तर आधी तुला फोटू टाकत जाईन." तेव्हापासून ते खरंच टाकतात.

पुण्याच्या कारागिराने त्या मशीनमधला अख्खा बॅलन्स माझ्यात बसवला, जुना पिशवीत घालून परत दिला. मेनस्प्रिंग बदलली, पूर्ण खोलून साफ, तेल. दिवाळी गेली, लग्नसराई सुरू झाली, आणि डिसेंबरमध्ये घड्याळ हातात आलं. सर्विसिंगचे ८,५०० रुपये, नवी पॉलीची (प्लास्टिकची) काच ७०० (जुनी पिवळी काचही मागून घेतली), चामड्याचा पट्टा १,६००. पट्टा घेताना कानांमधलं अंतर मोजून न्या, माझं १७ मिलिमीटर आहे जे दुकानात सहसा नसतं, १८ चा कोंबून बसवला तर कानांवर ताण येतो, सोनं वाकतं. त्यांनी टाइमग्राफरवर (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) लावून दाखवलं, तासाला १८,००० ठोके, दिवसाला दहा-बारा सेकंद पुढे. एवढ्या वयाच्या मशीनकडून मला यापेक्षा जास्त काही नको. परतीच्या एसटीत सातारा येईपर्यंत मी ते कानाला लावून होते.

आता ठेवायचं कुठे आणि विमा कसा, हा शेवटचा आणि सगळ्यात कंटाळवाणा टप्पा. एप्रिल २०२५ मध्ये तोळ्याचा भाव लाखावर गेला तेव्हा घरच्यांनी धोशा लावला की लॉकरला ठेव. म्हणजे माझ्या घड्याळातल्या नुसत्या सोन्याचेच ६७ हजार व्हायला लागले होते. लॉकरचा करार स्टॅम्प पेपरवर करावा लागतो, नॉमिनी आवर्जून लावा, भाडं वर्षाला २,००० अधिक जीएसटी पडलं. पण सांगलीकरांनी करार नीट वाचा. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनी आग, चोरी, दरोडा किंवा बँकेच्या माणसाचा गैरव्यवहार झाला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत आहे, पण पूर, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तीत ती नाही. आणि आपल्याकडे २००५, २०१९, २०२१ या तिन्ही साली कृष्णेचं पाणी कुठवर आलं ते सगळ्यांना माहीत आहे. सोन्याला पाण्याने काही होत नाही, घड्याळाला सगळं होतं. म्हणून मी लॉकर घेताना खालच्या मजल्यावर, तळघरात नको असं सांगितलं आणि वरच्या मजल्यावर लॉकर असलेली शाखा शोधली. हवाबंद डबीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवते, पावसाळ्यात पुडी बदलते.

विमा घराच्या पॉलिसीतच मौल्यवान वस्तूंमध्ये जोडता येतो पण त्याला मान्यताप्राप्त मूल्यांककाचं सर्टिफिकेट लागतं. पहिल्या मूल्यांककांनी सोन्याचं वजन गुणिले भाव एवढंच लिहून दिलं, मशीनची किंमत शून्य. मी सर्टिफिकेट न घेता परत आले. दुसऱ्यांना पूर्ण फाइल दाखवली, विक्रीची चिठ्ठी, बँकेची एन्ट्री, टंचाची स्लिप, लाँजिनचा ईमेल, पुण्याचं बिल, फोटो. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं आणि १९३८ चं चालू स्थितीतलं घड्याळ म्हणून किंमत लावली, फी १,००० घेतली. त्यानंतर विमा कंपनीने वर्णनात 'गोल्ड ऑर्नामेंट' लिहिलं होतं, ते 'रिस्टवॉच' करून सिरियल नंबर घालून घ्यायला ऑगस्ट गेला, सप्टेंबरमध्ये दुरुस्त पॉलिसी आली. हा शब्द बदलून घ्याच, दागिना म्हणून नोंद राहिली तर नुकसानीच्या वेळी परत वजनाचाच हिशोब होईल.

महिन्यातून एकदा लॉकरमधून आणते, चावी देते, दोन-तीन दिवस घालते. मामांनी मागच्या आठवड्यात अजून एकाचे फोटो पाठवलेत, यावेळी न सांगता झाकणाच्या आतला फोटो आधी काढलाय, .३७५ आणि इंग्लंडचा ठसा दिसतोय, वर्षाचं अक्षर मात्र पुसट आहे. तिरप्या उजेडात परत काढून मागितलाय. मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहेत, त्याचं काय होतंय ते ठरलं की लिहीन.